पिसवांचा बाप, फुलांची लेक

बंगल्यापुढची हिरवळ नैसर्गिक वाटते. तिचा इतिहास मात्र गिरणीतला आहे. ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंगने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरचे तंतू छाटणारे यंत्र पाहून त्याला ते सुचले होते. तोवर लांब दांड्याच्या विळ्यांनी हिरवळ राखणे जमीनदारांनाच परवडे. यंत्राने ती मध्यमवर्गाच्या दारात आणली.

या हिरवळीविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका घराण्याचा धागा मुंबईला जोडलेला आहे. चार्ल्स रॉथशील्ड पेशाने बँकर, छंदाने पिसवांचे अभ्यासक. उंदरावरच्या ज्या पिसवेला त्यांनी १९०३ मध्ये ‘चिओपिस’ हे नाव दिले, तीच प्लेग पसरवते हे पुढे मुंबईत प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी पक्के केले. याच चार्ल्सनी १९१२ मध्ये निसर्गराखीव क्षेत्रांसाठी संस्था स्थापली आणि १९१५ पर्यंत राखण्याजोग्या २८४ जागांची यादी केली.

पण कुंपणाबाहेरच्या जमिनीचे काय? १९३० च्या दशकापासून अर्धशतकात इंग्लंड-वेल्समधली सुमारे ९७ टक्के फुलांची कुरणे नष्ट झाली. चार्ल्स यांची कन्या मिरियम (१९०८–२००५) हिने वडिलांच्या पिसवांच्या संग्रहाची सूची सिद्ध केलीच. शिवाय ॲश्टनच्या घराभोवतीची हिरवळ कापणे थांबवून तिथे रानफुले वाढू दिली. शेतकरी ज्यांना तण म्हणत, त्या फुलांच्या बियांच्या मिश्रणाला तिने मिश्कीलपणे ‘शेतकऱ्याचे दुःस्वप्न’ असे नाव दिले.

नुसती कापणी थांबवून मात्र भागत नाही. खतावलेल्या मातीत दांडगे गवत फुलांना दडपते. म्हणून उन्हाळा सरताना एकदा कापायचे आणि गवत उचलून न्यायचे, म्हणजे माती हळूहळू रोडावते. ‘यलो रॅटल’ ही अर्धपरोपजीवी वनस्पती गवताच्या मुळांतून रस शोषून त्याचा जोर मोडते. आपल्या कासच्या पठारावरचे गालिचेही पातळ मातीवरच फुलतात, हे इथे आठवावे.

मिरियमचे बियाणे आपल्या कामाचे नाही. तिचा प्रश्न मात्र आहे. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ‘निळवंत’ अंडी घालते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. पाणी पाजून, कातरून राखलेल्या परक्या गवतात त्याच्या सुरवंटाला एक पानही खायला मिळत नाही. बापाने निसर्गासाठी जागा राखल्या; लेकीने स्वतःचे अंगण दिले. राखीव जागा सरकार राखील, न राखील. अंगणाचा निर्णय मात्र घरातच होतो.