पेशींतील पहारेकरी

पावाचें पीठ फुगविणारें यीस्ट हा बुरशीच्या कुळांतील एकपेशीय जीव होय. अनुकूल परिस्थितींत सुमारें ९० मिनिटांत त्याच्या एका पेशीच्या दोन होतात. तेवढ्या अवधींत तिला आपल्या गुणसूत्रांची (एकेरी संचांत तीं १६ असतात) बिनचूक नक्कल करून एक संच स्वतःपाशीं ठेवावा लागतो व दुसरा अंगावर फुटलेल्या अंकुराच्या स्वाधीन करावा लागतो. पहिलें काम अपुरें असतां दुसरें सुरू झालें, तर संततीवर घाला आलाच. मग हा क्रम राखतें कोण?

या प्रश्नाचा पाठपुरावा अमेरिकेंतील सिएटल येथें, वॉशिंग्टन विद्यापीठांत, लेलंड हार्टवेल यांनीं केला. विभाजनाच्या ठराविक टप्प्यावर अडून बसणाऱ्या यीस्टच्या सदोष जाती त्यांनीं निवडून काढल्या आणि १९७० सालीं सहकाऱ्यांसह तें संशोधन प्रसिद्ध केलें. या जाती थंड हवेंत सुखानें वाढत. उष्णता वाढतांच थबकत. अंकुराच्या आकारावरून पेशी कोठें अडली तें सूक्ष्मदर्शकांतून सहज कळे.

खरा उलगडा झाला तो १९८८ सालीं. निरोगी यीस्टवर क्ष-किरण सोडले असतां पेशी विभाजन थांबवितात, मोडलेला डीएनए सांधतात आणि मग पुढें जातात. चाक मोडल्यावर गाडी जशी आपोआप थांबते, तसेंच हें असावें, असें वाटणें स्वाभाविक होतें. परंतु टेड वाइनर्ट व हार्टवेल यांना आढळलें कीं, रॅड-९ हें जनुक बिघडलेल्या पेशी जखमी स्थितींतच विभागतात आणि मरतात. म्हणजे गाडी मोडक्या चाकानेंहि धांवूं शकत होती. तिला थांबविणारा कोणी वेगळाच होता! मग विभाजनाचे सूक्ष्म तंतू मोडणारें रसायन देऊन या सदोष पेशींना कांहीं काळ सक्तीनें थांबविण्यांत आलें. तेव्हां त्यांपैकीं पुष्कळशा जगल्या. दुरुस्तीचें कसब त्यांच्यापाशीं होतेंच. उणीव होती ती फक्त थांबण्याची. पुढील वर्षीं या दोघांनीं अशा व्यवस्थेस ‘चेकपॉइंट’, म्हणजे तपासणीचा नाका, असें नांव दिलें.

या नाक्यावरील कारभार मोठा शिस्तीचा आहे. मेक-१ हें प्रथिन डीएनएची मोडतोड हेरतें व रॅड-९ वर फॉस्फेटची खूण उमटवितें. ती खूण ओळखणारे दोन भाग रॅड-५३ या प्रथिनाच्या अंगीं आहेत. त्यांच्या योगें तें रॅड-९ ला बिलगतें, जागृत होतें आणि थांबण्याचा हुकूम पेशीभर पसरवितें.

१९९१ सालीं दुसरा नाका उजेडांत आला. सॅन फ्रान्सिस्को येथें राँग ली व अँड्र्यू मरे यांना ‘मॅड’ जनुकें सांपडलीं, तर बाल्टिमोर येथें अँड्र्यू हॉइट व त्यांचे सहकारी यांना ‘बब’ जनुकें सांपडलीं. गुणसूत्रें ओढणाऱ्या तंतूंना एकहि गुणसूत्र जोडावयाचें राहिलें, तर हे पहारेकरी वाटणी रोखून धरतात. त्यांतील मॅड-२ या प्रथिनाचीं रूपें दोन : एक उघडें, एक मिटलेलें. मिटतांना त्याचा एक भाग मोटारींतील पट्ट्याप्रमाणें सीडीसी-२० या प्रथिनाभोंवतीं आवळला जातो. सीडीसी-२० असें जखडलें गेलें, म्हणजे गुणसूत्रांच्या जोड्या सोडविण्याचा आदेश निघतच नाहीं.

२००१ सालीं हार्टवेल यांना पॉल नर्स व टिम हंट यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें कारण उघड आहे. मॅड-२ मनुष्याच्या पेशींतहि आहे. रॅड-५३ चें काम तेथें चेक-२ करतें, तर मेक-१ चें एटीआर. हे नाके ढिले पडले म्हणजे सदोष पेशी बेधडक वाढूं लागतात, आणि कर्करोगास वाट मिळते. पिठांतील एका क्षुद्र जीवानें मनुष्याच्या भयंकर वैऱ्याचा माग दाखविला तो असा. जीवनास वाढण्याइतकेंच वेळीं थांबणेंहि आवश्यक असतें, ही गोष्ट यीस्टच्या पेशीनें प्रयोगानें सिद्ध करून दिली.