कोकणातील भूतकल्पना आणि भयपट : स्त्री, दोष व शिक्षा यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

भयपट हा केवळ मनोरंजनाचा प्रकार मानून इतिहासाचे अभ्यासक बहुधा त्याकडे पाठ फिरवतात. परंतु समाज कोणाला भितो आणि कोणाला दोषी धरतो, हे दप्तरातील कागदांइतकेच भीतीच्या कथांतूनही कळते. पेण-रोहा परिसराच्या बोलीत मुंजा, हडळ, जखीण हे शब्द आजही परिचित आहेत. या शब्दांमागील स्त्रीविषयक संकेत भयपटांत कसे उतरले आणि कोठे मोडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

लोकसमजुतींतील वर्गवारी

नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेली सामग्री त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींवरील ग्रंथात संकलित केली. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठविलेली उत्तरे हा तिचा मुख्य आधार होता. तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील माहितीही तीत आहे. बाळंतपणात मरण पावलेली स्त्री अळवंत होते, सवाष्ण मेलेली जखीण होते, तर मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो, अशी ही परंपरागत वर्गवारी आहे. येथे स्त्रीच्या भुताची ओळख तिच्या कृत्यावरून ठरत नाही. विवाह व मातृत्व यांच्या कोणत्या टप्प्यावर ती मेली, यावरून ठरते. बाळंतपणातील मृत्यूमागे कुपोषण, अकाली विवाह आणि वैद्यकीय मदतीचा अभाव ही कारणे असत. परंतु अळवंतीच्या कल्पनेत कारणांचा विचार मागे पडतो आणि जी बळी ठरली तीच भयाचे कारण होते.

रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात. ग्रामदैवताच्या अधिकाराला असा जाहीर मान आहे. अळवंतीच्या गाऱ्हाण्याला मात्र गावात जागा नाही. तिला केवळ उतरवून टाकायचे असते.

शाप कोणाला?

रामसे बंधूंच्या काही भयपटांचे चित्रीकरण याच जिल्ह्यातील मुरुड येथे नवाबाच्या राजवाड्यात झाले. त्यांच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) या चित्रपटात राजा सामरी नावाच्या दुष्टाला देहदंड देतो आणि सामरी मरताना राजघराण्याला शाप देतो. गुन्हा सामरीचा, न्याय राजाचा. परंतु शाप भोगतात त्या घराण्यातील स्त्रिया, आणि तोही प्रसूतीच्या वेळी मृत्यू येऊन. या शापामुळेच पुढच्या पिढीतील ठाकूर मुलीच्या प्रेमाला विरोध करतो. मुलीवरील पाळतीला येथे रक्षणाचे नाव मिळते. अळवंतीची कल्पना अशा रीतीने चित्रपटाच्या कथानकात शिरलेली दिसते.

‘मुंज्या’ (२०२४) हा आदित्य सरपोतदार यांचा हिंदी चित्रपट कोकणातच घडतो. मृत मुलाची अपुरी राहिलेली इच्छा लग्नाची आहे. ती पुरी करण्यासाठी त्याला जिवंत वधू हवी आहे. पुरुषाच्या अपूर्णतेला स्त्रीवर हक्क सांगता येतो, स्त्रीची अपूर्णता मात्र तिचाच दोष ठरते. दोन्ही कल्पना शेजारी ठेवल्या असता हा भेद लक्षात येतो.

संकेताचा भंग

विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (२०१७ मध्ये प्रदर्शित) या मराठी चित्रपटात हा क्रम उलटतो. गरोदर नेहा उसाच्या फडातील एकाकी घरात आसरा घेते. भुताच्या भीतीमागे नवजात मुलींच्या हत्येचा इतिहास आहे, हे हळूहळू उघड होते. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. या पार्श्वभूमीवर चित्रपटातील भय काल्पनिक राहत नाही. घरातील वृद्ध तुळसाबाई ही पुरुषसत्तेची हस्तक म्हणून वावरते, हे चित्रपटाचे कठोर निरीक्षण होय. त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने त्याची हिंदी आवृत्ती केली.

पडद्यावरील विधी आणि कायदा

मोकळे केस, मिरचीची धुरी आणि मांत्रिकाचा मार हा भूत उतरविण्याचा प्रसंग म्हणजे भयपटाचा ठरलेला संकेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला व त्याच वर्षी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने दोरखंडाने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत. त्यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. पडद्यावर जो उपचार म्हणून दाखविला जातो, तो कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आहे.

समारोप

सारांश, लोकसमजुतीत मृत स्त्री दोषी ठरली, रामसेपटात तिच्या वाट्याला दुसऱ्याच्या गुन्ह्याचा शाप आला आणि ‘लपाछपी’त तिच्यावरील अन्याय प्रथमस्थानी आला. हा प्रवास सरळ प्रगतीचा नव्हे. ‘मुंज्या’ हा त्यानंतरचाच चित्रपट आहे. म्हणून वर्गात भयपटाची चर्चा करताना भूत खरे की खोटे एवढ्यावर थांबू नये. शिक्षा कोणी ठरविली आणि ती कोणी भोगली, हेही विचारले पाहिजे. अळवंतीच्या समजुतीने जी कारणे झाकली, ती या प्रश्नानेच पुन्हा उघड होतील.