थ्रेड : पाणचक्कीचा हौद, माणसाचा घाम आणि मराठवाड्याचा उन्हाळा

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत आलेला पर्यटक पाण्यावर फिरणारे जाते पाहतो, हौदातले मासे पाहतो आणि परततो. त्या हौदाखाली एक प्रशस्त दालन आहे, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. हौदाचा तळ हेच या दालनाचे छत. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंना ऐन उन्हाळ्यात येथे विसावा मिळे.

हा गारवा येतो कोठून? एक तर पाणी सावकाश तापते. दुसरे, त्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेऊन जाते. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फझलने पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या पडद्यांचे वर्णन केले आहे. त्यामागचे तत्त्व हेच. आणि मानवी शरीरही नेमके याच तत्त्वावर जगते. मात्र ते सिद्ध व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले.

सन १७७४. लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी काही खोल्या भट्टीसारख्या तापवल्या. चार्ल्स ब्लॅग्डेन हा तरुण वैद्य आपल्या सहकाऱ्यांसह आत शिरला. एका प्रयोगात तापमान सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले. शेजारी ठेवलेली अंडी भाजून निघाली, मांसाचा तुकडा शिजून कोरडा पडला; ब्लॅग्डेन मात्र काही मिनिटांनी सुखरूप बाहेर आला. त्याच खोलीत पाण्याची भांडीही होती. उघड्या भांड्यातले पाणी उकळत नव्हते. तेलाचा थर दिलेले पाणी मात्र उकळू लागले. वाफ अडली की उष्णता कोंडते! मांस शिजले आणि माणूस वाचला, याचे एक मोठे कारण घाम होते.

पण घाम केवळ येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. जे. एस. हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने कॉर्नवॉलच्या खोल खाणींतील उष्ण, दमट हवेचा अभ्यास केला आणि १९०५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. साध्या तापमापकापेक्षा ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक अधिक खरे सांगतो, हे त्याच्या लक्षात आले. त्या कापडावरून पाणी जितके उडेल तितका पारा खाली येतो; म्हणजे ते कापड जणू घामेजलेली त्वचाच. स्थिर हवेत हे 'आर्द्र तापमान' ३१ अंशांपलीकडे गेले, की स्वस्थ बसलेल्या माणसाचाही ताप चढू लागतो, असे त्याने नोंदवले.

पुढे २०१० मध्ये शेरवुड आणि ह्युबर या शास्त्रज्ञांनी माणसाच्या सहनशक्तीची कमाल मर्यादा ३५ अंश आर्द्र तापमान अशी मांडली. हा आकडा जगभर गाजला. पण तो गणिताने काढलेला होता. अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठात लॅरी केनी यांच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी, त्यांत पीएच.डी.चे विद्यार्थीही होते, निरोगी तरुणांना तापमान मोजणारी इवलीशी कॅप्सूल गिळायला दिली आणि त्यांना नियंत्रित खोलीत हलके श्रम करायला लावले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : दमट हवेतली मर्यादा ३५ नव्हे, ३१ अंशांच्याही किंचित खाली आहे. म्हणजे शंभरावर वर्षांपूर्वीचा हॉल्डेन सत्याच्या बराच जवळ होता.

मराठवाड्याच्या दृष्टीने याच प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. कोरड्या, तप्त हवेत शरीर आणखी लवकर हरले. तेथे मर्यादा २५ ते २८ अंश आर्द्र तापमानावरच आली!

कोरड्या हवेत तर घाम चटकन वाळतो, मग असे का? हवा त्वचेहून जास्त तापली की ती शरीराला निववत नाही, उलट उष्णता आत ओतते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते, हे खरे. पण घामाच्या ग्रंथी तासाला साधारण एक-दीड लिटरपलीकडे फारसे देऊ शकत नाहीत. दमट कोकणात अडचण हवेची असते, कोरड्या मराठवाड्यात पाण्याची. (खिशातल्या कांद्याने यांपैकी काहीच बदलत नाही.)

एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावरील महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने बळी गेले. समुद्राजवळच्या हवेत पारा चाळिशीच्या आत असूनही ऊन जीवघेणे ठरते, हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. मराठवाड्यातला मृत्यू मात्र बांधावर, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर एकेकट्याला गाठतो. त्याची बातमी क्वचितच होते.

तहानही येथे भरवशाची नाही. दुसऱ्या महायुद्धात एडवर्ड अ‍ॅडॉल्फ यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. पाणी हाताशी असूनही माणसे गमावलेल्या घामापेक्षा कमीच पाणी पीत. हाताशी पाणीच नसेल, तर काय होईल?

येथे मलिक अंबर आठवतो. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. पुढे औरंगजेबाच्या काळात तिचे औरंगाबाद झाले. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्यात झिरपे आणि केवळ उताराच्या बळावर शहरात येई. वाट झाकलेली असल्याने उन्हाने पाणी उडून जाण्याची भीती फारशी नव्हती. मलिक अंबरने उष्माघाताचा विचार करून नहर बांधली, असे म्हणणे हा इतिहासावर अन्याय होईल. त्याला राजधानी जगवायची होती. परंतु खडकाळ, कोरड्या पठारावर शहर जगवणे म्हणजे त्यातील माणसांच्या घामाची सोय करणे, हा अर्थ आज त्या बांधकामात दिसतो.

आज शहराची मुख्य भिस्त पैठणच्या जायकवाडी धरणावर आहे. ते पाणी सुमारे ५० किलोमीटरवरून पंपांनी चढवून आणावे लागते आणि अनेक वसाहतींच्या नळांना ते कित्येक दिवसांच्या अंतराने येते. मे महिन्यात त्याच वसाहतींतून माणसे सकाळी कामावर निघतात, तेव्हा दिवसभराच्या घामाची भरपाई हातातल्या एका बाटलीवर सोपवलेली असते.