माटोळी, मांगे आणि गावाची वार्षिक तपासणी

गेल्या काही वर्षांत गोव्यात देशी झाडांचे मेळावे, रानभाज्यांची प्रदर्शनं, पक्षी आणि फुलपाखरं दाखवणाऱ्या फेऱ्या बऱ्याच होऊ लागल्या आहेत. मला जमेल तेवढ्यांना मी जातो. उत्साह असतो, तरुण मुलं असतात, शेवटी एखादं रोप हातात मिळतं. मात्र जवळपास प्रत्येक ठिकाणी व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येतं, की आपले पूर्वज निसर्गप्रेमी होते आणि आपले सण त्याचा पुरावा आहेत. टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो.

नोकरीतली पंचवीस वर्षं मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर काढली. त्यामुळे एखादी रीत शेकडो वर्षं टिकली म्हटलं की मला आधी हे विचारावंसं वाटतं, की ती करायची कोण, कुठल्या दिवशी, आणि केली नाही तर काय बिघडायचं? आपल्या भागातले दोन रिवाज या प्रश्नांनिशी तपासावेत, एवढाच या टिपणाचा हेतू आहे. एक झाडांचा, एक जनावराचा. शेवटी वाघाचाही विषय येईल, कारण तो टाळून हा हिशेब पुरा होत नाही.

माटोळी

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चवथीला गणपतीच्या मूर्तीवर छताला एक लाकडी चौकट टांगतात. तिला आडव्या-उभ्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांना फळं, शेंगा, घोस, डहाळ्या बांधतात. तीच माटोळी. शेजारच्या सिंधुदुर्गात हीच चौकट माटवी म्हणून ओळखतात.

मधोमध नारळ, सुपारीचा घड, केळीचा घड, आंब्याचे टाळ. त्याभोवती परसातलं आणि मळ्यातलं: तवशीं, दोडकी, भोपळा, तोरिंग. आणि मग डोंगरावरचं, ज्याच्यावर माटोळीची खरी शान अवलंबून असते. मालकांगोणीचे घोस, ज्यांना आमच्याकडे कांगलां म्हणतात; लालभडक कवंडळ; आंबाडे; करमळ; फागलां; घागऱ्यांच्या शेंगा; कळलावीची फुलं. बांधायला सुतळी नसायची. केवणीची साल सोलून, भिजवून तिचे दोर करत. तिचीच पिळदार शेंग, म्हणजे आपली मुरुडशेंग, माटोळीलाही लटकायची. एकाच झुडपाचे दोन उपयोग.

आता ही यादी इंजिनियरच्या नजरेने पाहा. परस, कुळागर, मळा, कुंपण, डोंगराची उतरण, रान. गावाच्या हद्दीतल्या जमिनीचा जवळजवळ प्रत्येक प्रकार इथे हजर आहे. मळ्यातलं आणून भागत नाही, रानातलंच आणूनही भागत नाही. म्हणजे चवथीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत घरातल्या कोणाला तरी गावच्या साऱ्या जमिनीवरून फिरून यावं लागे. दरवर्षी, ठरलेल्या तिथीला.

माझी थोरली आते सांगायची, की मुलांना नुसती फळं आणायला पाठवत नसत, सोबत एखादा काका नाहीतर मामा असायचाच. कारण कवंडळ दिसायला देखणं, पण तोंडात घालायचं नाही. कळलावीचं फूल आणायचं, कंदाला हात लावायचा नाही, तो विषारी. फागलां मात्र घरी आणून भाजीही होते. कुठली वेल कुठल्या बांधावर आहे, गेल्या साली तिला किती घोस होते, यंदा का नाहीत, हे बोलणं वाटेवर व्हायचं. आजकालच्या भाषेत याला सर्वेक्षण म्हणतात. आते याला चवथीचं सामान म्हणायची.

इथे एक गंमतीची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गोव्याचं नाव घेतलं की काजू आठवतो, पण माटोळीत काजू नाही. तो पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला हे कारण पुरेसं नाही, कारण तसाच अमेरिकेतून आलेला अननस माटोळीत ऐटीत लटकतो. काजूचं बोंडू चैत्र-वैशाखात पिकतं, भाद्रपदात झाडावर काहीच नसतं. म्हणजे माटोळीने देशी-परदेशी असं सोवळं पाळलेलं नाही. त्या पंधरवड्यात इथल्या मातीत जे फळतं ते घ्यायचं, एवढाच तिचा नियम. आज देशी झाडांवर वाद घालताना हा नियम आठवावा असं मला वाटतं.

याच्या उलट बाजूला वनमहोत्सव ठेवून बघा. १९५० साली केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी तो देशभर सुरू केला. कल्पना चांगलीच होती. पण पुढे आपल्याकडे उघड्या डोंगरांवर आणि खाणींच्या मातीच्या ढिगांवर लवकर हिरवं दिसावं म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती भराभर वाढली. तिच्याखाली कांगलां नाहीत, फागलां नाहीत, केवण नाही. झाडांची संख्या वाढली आणि माटोळीचं सामान कमी झालं. लागवडीच्या कागदावर हा तोटा कुठेच दिसत नाही, कारण तो मोजायचा रकानाच त्यात नाही.

आणखी एक मुद्दा नावांचा. सतराव्या शतकात कोचीला डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ करवला, 'हॉर्टुस मलबारिकुस'. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांची साक्ष नागरी अक्षरांत छापलेली आहे. झाड ओळखून त्याचं नाव सांगू शकणारा माणूस हाच त्या ग्रंथाचा पाया होता. माटोळीनेही तेच केलं, फक्त कागदावर नाही, तोंडी. जे झाड वर्षातून एकदा तरी नावाने मागितलं जातं, त्याचं नाव विसरलं जात नाही.

आज फोंडा, म्हापसा, पणजी, डिचोली, मडगाव इथे चवथीआधी माटोळीचा बाजार भरतो. गावागावांतून आलेल्या बाया आणि बाप्ये रस्त्याकडेला सामान मांडून बसतात. सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीची स्पर्धाही होते, आणि तिच्यासाठी काही हौशी मंडळी शेकडो प्रकारची सामग्री जमवतात. बाजाराला मी नावं ठेवणार नाही. त्या बायांना चार पैसे मिळतात, आणि शहरातल्या घरात माटोळी टिकली ती बाजारामुळेच. पण आमच्या घरच्या माटोळीतही आता निम्म्याहून जास्त सामान विकतचं असतं, आणि त्यातली प्रत्येक वस्तू कुठल्या डोंगरावरून आली हे मला सांगता येत नाही. वस्तू घरात येते, फेरी होत नाही. शिवाय घरापुरते दोन घोस तोडणं वेगळं आणि बाजारासाठी अख्खी वेल खाली ओढणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पुढच्या सालचं बी राहत नाही.

मांगे थापणी

आता जनावराकडे. आमच्याकडे मगरीला मांगें म्हणतात. फोंडा तालुक्यात, दुर्भाट-आडपईच्या परिसरात, पौष अमावास्येला मांगे थापणी होते. शेताच्या चिखलाची मगर घडवतात. शिंपल्यांनी अंग मढवतात, काटक्यांचे दात लावतात, पाठीवर खळगा करून त्यात कोंबडीचं पिल्लू किंवा अंडं ठेवतात, फुलं वाहतात आणि शेताचं, माणसांचं, गुरांचं रक्षण कर म्हणून तिला सांगणं करतात. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात आजही खऱ्या मगरी आहेत. मचूळ पाण्यात त्या पिढ्यान् पिढ्या टिकून आहेत.

हा विधी कळायला खाजन समजून घ्यावं लागतं. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखालून बांध घालून सोडवलेली जमीन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचं सांगतात. बाहेरून चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा बांध. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीला बाहेरचं पाणी दाबतं आणि दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने ते उघडतं. ना वीज, ना मोटर. आत कोरगुटासारखं खारं सोसणारं भात. मी आयुष्यात बरीच दारं बसवली, पण इतकं कमी बिघडणारं एकही नाही.

या व्यवस्थेचा शत्रू एकच, बांधाला पडलेलं भोक. खेकडा भोक पाडतो, उंदीर पाडतो, आणि मगर तर काठात चांगली लांब बिळं खणते. एक भगदाड वेळेत दिसलं नाही तर उधाणात बांध फुटतो, आणि एकदा खारं पाणी शिरलं की जमीन काही वर्षं पिकत नाही.

आता तिथी बघा. अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाणी सर्वात वर चढतं. बांधाची कमजोर जागा दिसायची तर तेव्हाच दिसते. पौषापर्यंत पावसाळी भात घरात आलेलं असतं, बांधाच्या दुरुस्तीला माणसं मोकळी असतात. आणि मगरीची मादी अंडी घालते ती यानंतर, उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा मगरी कुठल्या काठाला आहेत हे त्याआधी कळलेलं बरं. अशा दिवशी सगळा वाडा खाजनात उतरतो. विधी करणाऱ्यांच्या मनात भक्ती असते आणि थोडी भीतीही, याबद्दल मला शंका नाही. माझं अनुमान इतकंच, की या तिथीमुळे बांधाची आणि मगरीची वर्षातून एकदा नक्की पाहणी व्हायची. मगरीला हाकलायचं नाही, तिची जागा कुठली आणि आपली कुठली हे दरवर्षी नव्याने ठरवायचं.

त्या ठरवण्यामागे एक संस्थाही होती. १५२६ साली आफोन्सो मेशिय याने गोव्यातल्या गावकाऱ्यांचे रीतिरिवाज लिहून घेतले, त्याला फोराल म्हणतात. पुढे कोमुनिदाद या नावाने ओळखली गेलेली ही गावकारी बांधाचा खर्च सांभाळायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनंतर जमीन कसणाऱ्याच्या हाती गेली. हे न्यायाचंच झालं. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, पण सगळीकडे ती तितक्या नेटाने पेलली गेली नाही. बऱ्याच खाजनांत बांध फुटले ते फुटलेच, आणि भाताच्या जागी खारफुटी आली. जिथे शेती नाही तिथे अमावास्येला उतरायचं तरी कशाला?

आणि वाघ

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे रिवाज जपले की जनावरं जपली जातात. तसं नाही. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत वाघाला वाघ्रो म्हणून पुजतात, त्याची जुनी पाषाणं आहेत. बांबरला निरंकाराची राय आहे, पाण्यात उभं असलेलं रानजायफळाचं दुर्मीळ वन, जे देवाचं म्हणून शिल्लक राहिलं. आणि याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीला, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषप्रयोग झाला होता. गुरं मारली गेल्याचा राग हे कारण तपासात पुढे आलं.

वाघ्रोच्या मुलखात हे कसं घडलं, असं अनेकांनी हळहळून विचारलं. मला वाटतं प्रश्न उलटा करावा. मांगे थापणीत मगरीबरोबर व्यवहार आहे, बांध आहे, दिवस ठरलेला आहे. वाघ्रोच्या पाषाणाभोवती आज असा व्यवहार काय उरला आहे? गुरं कुठवर न्यायची, गेलेल्या गाईची भरपाई कोण आणि किती दिवसांत देणार, वाघ आल्याचं कोणी कोणाला सांगायचं, हे दरवर्षी गावात बसून ठरतं का? श्रद्धा असते, पण ज्याची दुभती गाय गेली त्याच्या घरी श्रद्धेने चूल पेटत नाही. रिवाजातलं काम गळून पडलं की उरतो तो देखावा, आणि देखावा कोणाचाच जीव वाचवत नाही.

मंडळापुरतं एक काम

म्हणून देशी झाडांच्या आणि वन्यजीवांच्या कार्यक्रमांना माझा विरोध नाही, एक मागणी आहे. आपल्या जुन्या रिवाजांतून सजावट उचलू नका, पाहणी उचला. कार्यक्रम त्याच गावात, त्याच तिथीला, दरवर्षी करा, आणि गेल्या सालच्या तुलनेत काय कमी झालं ते लिहून ठेवा. रोप वाटलं की ते पुढच्या वर्षी बघायला जा.

आपल्या मंडळाच्या सभासदांनी येत्या चवथीपासून एवढं करावं. घरची माटोळी बांधून झाली की एका वहीत चार रकाने आखा: वस्तूचं गावातलं नाव, ती कुठल्या जागेवरून आली, कोणी आणली, आणि मागच्या पिढीत ती कुठून आणत. विकत घेतलेल्या वस्तूपुढे विकणाऱ्या बाईला तिच्या गावाचं नाव विचारून लिहा. ती आनंदाने सांगते, विचारलं तर. खाजनाकाठच्या सभासदांनी पौष अमावास्येला बांधावरून चालत जाऊन फुटलेल्या जागा आणि मगरी दिसल्याच्या जागा नोंदवाव्यात. मात्र सांभाळून, आणि गावच्या जाणत्या माणसाबरोबर.

पाच-दहा वर्षांच्या अशा वह्या जमल्या तर आपल्याकडे कुठल्याही कार्यालयात नसलेलं दप्तर तयार होईल. तोवर घरात जे वयस्क आहेत त्यांना चौथा रकाना आजच विचारून घ्या. तो भरणारी माणसं झपाट्याने कमी होत आहेत.