वऱ्हाडची गावरान गाय आणि तिचा रमणा

इंझोरी व मानोरा तालुक्यातील इतर गावांत ज्यांचे बालपण गेले, त्यांस सकाळी आखरावर जमणारी गुरे आणि त्यांच्यामागे काठी घेऊन निघणारा गायकी यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु तो कळप धन्यास कशामुळे परवडत असे, हे तरुण पिढीस सांगितले पाहिजे. कारण आज आपल्या पुष्कळ बांधवांचे गोठे ओस पडले असून दोष मात्र गावरान गाईच्या माथी मारला जातो.

इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात वऱ्हाडच्या गावरान गुरांचे उमरडा व खामगाव असे दोन प्रकार नमूद आहेत. पैकी उमरडा लहान चणीची, खामगावी थोराड. पूर्वेस वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे नंदगवळ्यांनी जोपासलेली पांढरी गवळाऊ गाय. तिचे चपळ बैल मराठ्यांच्या लष्करी वाहतुकीस उपयोगी पडत. गवळाऊचे दूध एका वेतास सरासरी ६०० किलोच्या आसपास, म्हणजे थोडेच. पण नुसत्या दुधाचा हिशेब धरून ही जनावरे कोणी पाळीतच नसे. काळ्या जमिनीत चालणारी बैलजोडी, उकिरड्याचे शेणखत आणि दरसालचे वासरू, हा तिचा खरा जमाखर्च होता.

त्यातही वासरू सुखरूप येणे महत्त्वाचे. गावरान गाय रानातच वीत असे आणि गायकी संध्याकाळी ओले वासरू खांद्यावर टाकून गावात येई. गाय अडली असे क्वचितच ऐकू येई. याचे कारण सरळ आहे. वासराचा आकार आणि गाईच्या कटीचा मार्ग यांचा मेळ बसला नाही, म्हणजे गाय अडते. गावरान वासरू जन्मतः लहान, अंगाने सडपातळ. शिवाय ढोरांचा डॉक्टर नसलेल्या त्या काळात जी गाय अडे ती बहुधा दगावे व तिचा वंश तेथेच खुंटे. जी सुखाने विई, तिचाच गोऱ्हा वळू म्हणून राखला जाई. शेकडो वर्षांची ही निवड कोणी वहीत लिहिली नाही, इतकेच.

दुसरा आधार गवताचा. इंग्रजांनी वऱ्हाडातील जंगलाचे तीन वर्ग केले होते: पहिला लाकडाचा, दुसरा गवताच्या रमण्यांचा, तिसरा चराईचा. पवन्या, मारवेल, आणि कोवळेपणी कापले तर कुसळसुद्धा, यांवर गाय वर्ष काढी. ढेप विकत आणावी लागत नसे. पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी माजली, कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. कुरणे नांगराखाली गेली. बंजाऱ्यांच्या लदणीच्या बैलांचे कामही या गाडीनेच हिरावले. त्यावर १८९९-१९०० चा दुष्काळ! गाय खालावली ती रक्ताने नव्हे, चाऱ्याने.

हे न ओळखता इलाज झाला. थोराड विलायती वंशाचे रेत लहान चणीच्या गाईस दिले, की वासरू मोठे होऊन गाय अडण्याचा धोका वाढतो. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजात वाशीमसह विदर्भाचे सहा जिल्हे होते. त्या सुमारास संकरित गाई वाटल्या गेल्या, आणि कोरडवाहू शेतकऱ्यास त्यांचे पोट भरणे जड गेले. जेथे विहिरीस पाणी व दुधास गिऱ्हाईक आहे, तेथे संकरित गाय अवश्य पाळावी. आमचा तिच्याशी वाद नाही.

नवल असे की, आपल्याच देशाचे रक्त परदेशात गवतावर फळले. आंध्रातील ओंगोल गुरे, ज्यांच्याशी गवळाऊचे निकटचे साम्य सांगतात, ती ब्राझीलमध्ये गेली. १९६० नंतरही नेली गेली. नेल्लोरच्या नावावरून ती तेथे ‘नेलोर’ झाली. आज त्या देशाचे मोकळ्या कुरणावर वाढणारे मांसाचे कळप मुख्यतः याच वंशाचे आहेत, आणि गाय सहज विते हा तिचा मोठा गुण तेथील लोक सांगतात. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्या कत्तलीसही कायद्याने बंदी आहे. तेव्हा त्यांचा हिशेब आपणांस जसाच्या तसा लागू नाही. आपला नफा बैल, खत आणि वाचलेल्या ढेपेतूनच निघावयाचा.

गवळाऊच्या पैदाशीकरिता वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडी येथे सरकारी केंद्र आहे. परंतु ज्या गावांत ई-क्लास जमीन अद्याप मोकळी आहे, तेथील बांधवांनी प्रथम ती मोजून घेऊन दोन पावसाळे राखावी. वळूची चौकशी त्यानंतर करावी.