कार्बामेट कीटकनाशके
कार्बामिक अम्लाच्या एस्टरांपासून बनविलेल्या संश्लिष्ट कीटकनाशकांचा वर्ग. कार्बारिल, कार्बोफ्युरान, कार्बोसल्फान व भातावरील तुडतुड्यांसाठी वापरण्यात आलेले फेनोब्युकार्ब (बी.पी.एम.सी.) ही यांपैकी काही प्रमुख द्रव्ये होत. कीटकाच्या तंत्रिका तंत्रातील ॲसिटिलकोलीन एस्टरेज या एंझाइमाचे कार्य ती रोखतात. त्यामुळे तंत्रिकांची उत्तेजना शमत नाही आणि झटके येऊन कीटक मरतो. हेच एंझाइम माणसाच्या शरीरातही असते. या वर्गाची उपयुक्तता व त्याचा धोका ही दोन्ही एकाच कारणातून उद्भवतात.

इतिहास : पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार प्रदेशात एका वेलीच्या विषारी बिया आरोपीस खाऊ घालून त्याच्या अपराधाची परीक्षा घेण्याची प्रथा होती. या बियांतील फायसोस्टिग्मीन हे अल्कलॉइड १८६४ मध्ये वेगळे करण्यात आले. ते कार्बामेट असल्याचे पुढे १९२५ च्या सुमारास स्पष्ट झाले. त्याच्या धर्तीवर कीटकनाशके बनविण्याचे पहिले प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीत झाले. तथापि व्यापक प्रसार झाला तो अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीने १९५६ मध्ये पुढे आणलेल्या कार्बारिलचा. डीडीटीप्रमाणे ही द्रव्ये जमिनीत व प्राण्यांच्या चरबीत दीर्घकाळ साचून राहत नसल्याने त्यांचे स्वागत झाले.

भातावरील उपयोग : तपकिरी तुडतुडे धानाच्या चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत राहून रस शोषतात. उपद्रव वाढला म्हणजे पीक जागोजागी गोलाकार करपते व शेतात खळे पडल्यासारखे दिसते. जपानमध्ये हिरवे तुडतुडे ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांना दाद देईनासे झाल्यावर १९६० नंतरच्या दशकात कार्बामेटांचा वापर वाढला. परंतु त्या दशकाच्या अखेरीस तुडतुड्यांत या नव्या वर्गासही प्रतिकारक्षमता आढळू लागली.

बुटक्या, भरपूर फुटवे येणाऱ्या व अधिक नत्र मानवणाऱ्या जातींबरोबर आशियात तुडतुड्यांचा प्रश्न बिकट झाला. केरळमध्ये १९७३-७४ मध्ये मोठा उद्रेक झाला. तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात. मात्र त्यांना खाणारे कोळी व मिरिड ढेकूण फवाऱ्याने मरतात. परिणामी काही शेतांत फवारणीनंतर कीड पूर्वीपेक्षाही वाढते. या अनुभवावरून इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि एकात्मिक कीड नियंत्रणाचा स्वीकार केला.

महाराष्ट्र : राज्यात भाताचे क्षेत्र मुख्यतः कोकण व पूर्व विदर्भ येथे आहे. पूर्व विदर्भातील धानाची २०१७ च्या खरीप हंगामात तुडतुड्यांमुळे मोठी हानी झाली व शासनाने कापसावरील बोंडअळीबरोबर या हानीसाठीही मदत जाहीर केली. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात भाताला फारसे स्थान नाही. तेथे ज्वारी, बाजरी, कापूस ही परंपरागत पिके होत. तरीही हा वर्ग मराठवाड्यातील शेतीस अपरिचित नव्हता. ज्वारीच्या खोडमाशीसाठी पेरणीच्या वेळी चरात कार्बोफ्युरानचे दाणे देण्याची, तर कणसांवरील किडींसाठी कार्बारिलची भुकटी धुरळण्याची शिफारस केली जात असे.

धोके व निर्बंध : कार्बामेटाचा एंझाइमाशी झालेला बंध काही तासांत सुटतो, म्हणून वेळेवर ॲट्रोपीन दिल्यास रोगी बहुधा लवकर सावरतो. याचा अर्थ ती निर्धोक आहेत असा नव्हे. कार्बोफ्युरानची अल्प मात्राही प्राणघातक ठरू शकते आणि त्याचे दाणे टिपून पक्षी मरतात. सर्वांत भीषण आपत्ती मात्र शेतात नव्हे, तर कारखान्यात ओढवली. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कार्बारिल बनविण्यासाठी साठविलेला मिथिल आयसोसायनेट हा विषारी पदार्थ २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुरूपाने बाहेर पडला व हजारो लोक मृत्युमुखी पडले. जे द्रव्य वापरात तुलनेने सौम्य मानले गेले, त्याच्या निर्मितीने असा संहार घडविला. पिकावर काय फवारले जाते याइतकेच ते कोठे व कसे बनते हेही महत्त्वाचे आहे, याची जाणीव या घटनेने करून दिली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा तिच्या पार्श्वभूमीवर झाला.

भारतात कार्बारिलवर २०१८ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये मेथोमिलवर बंदी घालण्यात आली आणि कार्बोफ्युरानच्या ३ टक्के आवेष्टित दाण्यांखेरीज त्याच्या इतर स्वरूपांचा वापर थांबविण्यात आला. तुडतुड्यांसाठी आता प्रतिकारक्षम जाती, नत्राची बेताची मात्रा, काही ओळींनंतर मोकळा पट्टा सोडून लावणी, बांधीतील पाण्याचा मधूनमधून निचरा आणि मित्रकीटकांचे रक्षण या उपायांवर भर दिला जातो. कीडसंख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेल्यावरच बुंध्याच्या दिशेने फवारणी करावी, असे कृषितज्ज्ञ सुचवितात.