मेगापिक्सेलचा आकडा आणि छायाचित्रातील ‘नॉईज’

जपानच्या कॅनन कंपनीने ऑगस्ट २००९ मध्ये ‘पॉवरशॉट जी-११’ हा कॅमेरा जाहीर केला, तेव्हा त्याच्या माहितीपत्रकातील एका आकड्याने जाणकारांचे लक्ष वेधून घेतले. आदल्या वर्षी आलेल्या ‘जी-१०’ची क्षमता १४.७ मेगापिक्सेल होती. नव्या कॅमेऱ्यात ती १० मेगापिक्सेलवर आणण्यात आली होती. सेन्सरचा आकार मात्र तोच होता. हा आकडा दरवर्षी वाढलाच पाहिजे, असा जणू नियमच असलेल्या बाजारपेठेत एका मोठ्या कंपनीने जाणूनबुजून माघार घेतली होती. मंद प्रकाशातील छायाचित्रांत दिसणारा ‘नॉईज’ कमी करणे हा त्यामागील उद्देश होता.

छायाचित्राच्या गडद भागात किंवा अपुऱ्या उजेडात टिपलेल्या चेहऱ्यावर जे रंगीत, दाणेदार ठिपके उमटतात, त्यांना नॉईज म्हणतात. त्याचे एक प्रमुख कारण कॅमेऱ्याच्या बांधणीत नसून प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमितपणे पडतात. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील, तर त्या संख्येत साधारण १०० चा, म्हणजे एक टक्का चढउतार होतो. केवळ १०० कण पडत असतील, तर चढउतार १० चा, म्हणजे तब्बल दहा टक्के असतो. आयएसओ वाढवून छायाचित्र उजळ करता येते; परंतु त्यामुळे प्रकाशकण वाढत नाहीत, चढउतारही तितकाच ठळक होतो.

‘जी-१०’चा सेन्सर सुमारे ७.६ मिलिमीटर लांब आणि ५.७ मिलिमीटर रुंद होता. करंगळीच्या नखाएवढ्या या जागेत जवळजवळ दीड कोटी पिक्सेल बसविल्याने प्रत्येकाची रुंदी १.७ मायक्रॉनच्या आसपास राहिली. याउलट, २००७ मध्ये आलेल्या निकॉनच्या ‘डी-३’ कॅमेऱ्यात १२ मेगापिक्सेलच होते. पण त्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असल्याने प्रत्येक पिक्सेल आठ मायक्रॉनहून रुंद होता. त्याचे क्षेत्रफळ ‘जी-१०’च्या पिक्सेलच्या वीसपटीहून अधिक भरते. ६४०० आयएसओवरही हा कॅमेरा वापरण्याजोगी छायाचित्रे देत असे.

यावरून ‘मेगापिक्सेल जास्त तितका नॉईज जास्त’ असा सरळ निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. अंगणात पाऊस पडत असताना मोजकी घंगाळी ठेवली काय किंवा तेवढ्याच जागेत शेकडो वाट्या मांडल्या काय, जमणारे पाणी जवळपास सारखेच असते. एकेका वाटीतील पाण्याचा भरवसा कमी, हे खरे. पण शेजारच्या वाट्यांची बेरीज केली की तो पुन्हा वाढतो. तसेच दोन्ही छायाचित्रे एकाच आकारात छापली, तर पिक्सेलगणिक वाढलेला नॉईज बराचसा विरून जातो. मात्र प्रत्येक वाटी मोजताना थोडी चूक होतेच. पिक्सेलवरील विद्युतभार वाचतानाही अशी भर पडते आणि अगदी मंद प्रकाशात ती जाणवते. खरा निर्णायक घटक अंगणाचा, म्हणजे सेन्सरचा आकार हाच आहे.

नॉईज पुसण्यासाठी कॅमेऱ्यातच एक संगणकीय प्रक्रिया केली जाते. तिचीही किंमत मोजावी लागते. ठिपक्यांबरोबर साडीची वीण, केसांच्या बटा, त्वचेचा पोत हेही पुसले जातात आणि चेहरे मेणाचे वाटू लागतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याने लग्नाच्या सभागृहात टिपलेल्या छायाचित्रांत हा दोष हमखास आढळतो.

मोबाइल उत्पादकांनी या पेचातून दोन वेगळ्या वाटा काढल्या. नोकियाने २०१२ मध्ये ‘८०८ प्युअरव्ह्यू’त ४१ मेगापिक्सेलचा, फोनच्या मानाने बराच मोठा सेन्सर बसविला आणि अनेक पिक्सेल एकत्र करून ५ मेगापिक्सेलचे छायाचित्र देण्याची सोय केली. एचटीसीने २०१३ च्या ‘वन’मध्ये चारच मेगापिक्सेल ठेवून पिक्सेल दोन मायक्रॉनचे केले, पण भरपूर उजेडात तपशील उणा पडू लागला. पुढे पहिलीच वाट रूढ झाली. सॅमसंगच्या २०२० मधील ‘गॅलेक्सी एस-२० अल्ट्रा’च्या जाहिरातीत १०८ मेगापिक्सेल असले, तरी नेहमीच्या वापरात नऊ पिक्सेलचा एक करून १२ मेगापिक्सेलचेच छायाचित्र मिळते.

चार बाय सहा इंची उत्तम छपाईला सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. ए-४ आकाराला नऊ पुरतात. छायाचित्राचा छोटा भाग कापून मोठा करावयाचा असेल, तेव्हाच जादा पिक्सेल कामी येतात.

सेन्सरचा आकार माहितीपत्रकात अनेकदा १/१.७ इंच अशा अपूर्णांकात दिलेला असतो. छेद जितका लहान, तितका सेन्सर मोठा. मात्र ही मोजणी जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील काचेच्या नळीच्या बाह्य व्यासावरून आलेली असल्याने सेन्सरचा प्रत्यक्ष कर्ण त्या आकड्याच्या सुमारे दोन तृतीयांशच भरतो.